आल्स्ट्रोमेरिया हिवाळ्यात टिकवायचा असेल तर

थंडीने आल्स्ट्रोमेरिया (लिलीसारखी फुलं देणारं कंदाचं झाड) गेला, असं कोणी म्हटलं की मी आधी विचारते, कंद किती खोल होता? आणि मग, तिथे पाणी साचत होतं का? बहुतेक वेळा कारण या दोन उत्तरांत सापडतं. वरची पानं आणि देठ पहिल्याच कडक गारठ्यात काळवंडतात, आडवे पडतात. ते बघून घाबरायचं काही कारण नाही. झाडाचा जीव खाली असतो. आल्याच्या गड्ड्यासारखं आडवं पसरणारं एक खोड, म्हणजेच कंद, आणि त्याला लोंबणारी पांढरी, मांसल मुळं. त्या मुळांत पाणी आणि पिष्ट साठवलेलं असतं. हा साठाच झाडाची ताकद आहे, आणि गोठण्याचा धोकाही त्यालाच. माती त्या खोलीपर्यंत गोठली की आतल्या पाण्याचं बर्फ होतं, पेशी फुटतात, आणि बर्फ वितळल्यावर हाती लगदा येतो.

म्हणून पहिलं काम लावतानाच करायचं. कंद जमिनीखाली 15 ते 20 सेंटीमीटर गेला पाहिजे. रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीत तो बराच वर असतो आणि कोवळे कोंबही फुटलेले असतात. ते कोंब एकदम मातीत गाडायला मन धजत नाही. त्यावर उपाय सोपा आहे: खोल खड्डा करा, रोप तळाशी ठेवा, थोडीच माती लोटा आणि कोंब वाढतील तसतसा खड्डा भरत जा. हात मात्र हलका ठेवा. ही मुळं काचेसारखी कटकन मोडतात, आणि दुखावलेलं झाड रुसून बसतं, कधी कधी वर्षभर फुलत नाही. कुंडीतला मातीचा गोळा सोडवत, विंचरत बसू नका, आहे तसाच खाली ठेवा.

लागवड वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला करा. थंडीच्या तोंडावर स्वस्तात मिळाला म्हणून लावलेल्या रोपाला मुळं पसरायला वेळच मिळत नाही. माझं स्पष्ट मत आहे की असं रोप पहिला हिवाळा कुंडीतच, आडोशाला काढू द्यावं.

आता निचरा. भुसभुशीत माती हवा धरून ठेवते आणि पाणी साचू देत नाही. चिकण, ओली माती मात्र हिवाळ्यात मुळं कुजवते. जमीन भारी असेल तर वाफा उंच करा, भरपूर कंपोस्ट आणि जाड खडी मिसळा. उन्हाची, वाऱ्यापासून आडोशाची, भिंतीलगतची जागा मिळाली तर उत्तम. पण छपराचं पाणी तिथे गळत नाही ना, हे आधी बघून घ्या.

आच्छादन घालायची घाई नको. पानं गारठ्याने पडेपर्यंत थांबा, मग देठ जमिनीलगत कापा आणि वर 15 सेंटीमीटरचा थर द्या. सालीचे तुकडे, नेचाची वाळकी पानं, पेंढा, काहीही चालेल. अट एकच, थर कोरडा आणि मोकळा राहिला पाहिजे. नुसता ओला पालापाचोळा दबून चिकटतो, हवा निघून जाते आणि पांघरुणाचा उपयोगच संपतो. आच्छादनाची गादी नुसती झाडाच्या मधोमध नको, चारही बाजूंना हातभर पुढे जाऊ द्या, कारण थंडी बाजूनेही शिरते. वर बर्फ पडलं तर ते झाडू नका, तेही पांघरूणच आहे.

ही काळजी पहिले दोन हिवाळे डोळ्यांत तेल घालून घ्या. तोवर कंद पसरलेला असतो आणि मुळं खोल गेलेली असतात. बागेतले बरेचसे संकर जम बसल्यावर साधारण उणे 10 अंशांपर्यंतची थंडी काढतात. त्याखाली जाणाऱ्या ठिकाणी आच्छादन दरवर्षी हवंच.

जातीजातीत फरक मोठा आहे. या वंशाची दोन मुख्य घरं, चिली आणि ब्राझील. दक्षिण चिली आणि अर्जेंटिनाच्या डोंगराळ भागातली आल्स्ट्रोमेरिया ऑरिया ही पिवळी-केशरी जात सगळ्यांत काटक. इतकी की जागा आवडली तर आवरणं कठीण. अमेरिकेतले संकरतज्ज्ञ मार्क ब्रिजन यांनी तिच्यापासून तयार केलेली ‘स्वीट लॉरा’ थंडीला सहज दाद देत नाही, शिवाय तिला सुवास आहे, जो या फुलांत सहसा नसतो. ब्राझीलची लाल-हिरवी सिटॅसिना त्यामानाने नाजूक. कुंडीसाठी काढलेल्या बुटक्या जातींचा हिवाळा मी उघड्यावर काढू देणार नाही.

कुंडीत तर थंडी चहूबाजूंनी आत येते, त्यामुळे जमिनीत टिकणारी जातही कुंडीत मरू शकते. कुंडी गॅरेजमध्ये किंवा शेडमध्ये ठेवा, जिथे पारा शून्याच्या वर, पण 7-8 अंशांच्या आत राहील. पाणी अगदी नावापुरतं. घरात, उबेत मात्र आणू नका. या झाडाला कळ्या धरायला मुळांशी गारवा लागतो. माती 20 अंशांच्या वर तापत राहिली की नुसते पानांचे देठ येतात, फुलं नाहीत. हिवाळा हा त्याचा शत्रू नाही, गोठलेली माती आहे.

थंडी ओसरली की बरेच जण अधीर होतात. कोंब उशिरा येतात, तेव्हा मेलं समजून खणून टाकू नका. शंका असेल तर बाजूने बोटांनी माती उकरत जा. कंद लागला की हळूच दाबून बघा. टणक, आतून पांढरा असेल तर झाकून ठेवा आणि वाट पाहा. तपकिरी, मऊ, बोट आत जाणारा आणि आंबूस वास येणारा असेल तर तेवढा भाग काढून टाका, शेजारचे तुकडे तपासा. एखादा टणक तुकडा अनेकदा सापडतो आणि तेवढा पुरतो.

आच्छादन एका दिवसात काढू नका, थोडं थोडं मागे सारा. उशिराच्या गारठ्याने कोवळे कोंब जळले तरी खालून नवे येतात. फुलं काढताना मात्र एक गोष्ट पाळा: दुसऱ्या वर्षापासून देठ कापण्याऐवजी खालून धरून थोडं पिळत झटक्याने उपटा. पांढरं टोक सुटून हातात येतं आणि कंदाला नवे कोंब धरतात. पहिल्या वर्षी कात्रीच वापरा, नाहीतर देठाबरोबर कंदही वर येईल. हातमोजे घाला, चिकाने कातडीला खाज सुटते.

आणि कोंब दिसू लागले की रात्री टॉर्च घेऊन गोगलगाई वेचा, कारण हिवाळ्यातून वाचलेलं झाड या गोगलगाई आठवडाभरात साफ करतात.