पिवळी किनार टिकवायची तर पान कापून लावू नका

स्नेक प्लांटच्या पानाला दोन्ही कडांनी पिवळी पट्टी असेल तर ती बहुधा लॉरेंटी ही जात. पांढऱ्या उभ्या रेघा असतील तर बँटेल्स सेन्सेशन. लॉरेंटीच्या पानाचा तुकडा मातीत खोचला तर रोप येतं, पण निव्वळ हिरवं. किनार जातेच, फार हळहळ वाटते. म्हणून कुंडी उपडी करा आणि गड्ड्याचा कोंब मुळासकट वेगळा काढून लावा. मध्येच पूर्ण हिरवा फुटवा दिसला तर लगेच काढा, तो जोमानं वाढून बाकीच्यांना दाबतो.

आपल्या बेळगाव-खानापूरच्या पावसात कुंडी पागोळीखाली नको. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी. पान बुडाशी मऊ पडून वास आला की मूळ कुजलंच समजा.