थंडीपूर्वी बॉयलर आणि रेडिएटरची तपासणी

ब्रिटनमधील घरांत उन्हाळाभर बंद असलेले हीटिंग सप्टेंबरअखेरीस एकदा तासभर चालवून पाहावे, कारण बिघाड असलाच तर थंडी वाढून तंत्रज्ञांची मागणी वाढण्याआधी तो दुरुस्त करून घेता येतो.

सर्व रेडिएटर (बॉयलरच्या गरम पाण्याने खोली उबदार ठेवणारे धातूचे पॅनेल) तापू लागले की प्रत्येकावरून वरपासून खालपर्यंत जपून हात फिरवावा. वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल, तर आत हवा अडकलेली असते. खालचा मधला भागच गार राहत असेल, तर तळाशी गाळ साचल्याची शक्यता अधिक असते आणि ते काम तंत्रज्ञाकडेच सोपवणे इष्ट.

हवा काढण्यासाठी हीटिंग बंद करून रेडिएटर पूर्ण निवू द्यावा, वरच्या कोपऱ्यातील झडपेखाली फडके धरावे आणि रेडिएटरची छोटी चावी झडपेत घालून डावीकडे अर्धा फेराच फिरवावी. आधी फुस्स असा आवाज येतो, मग थोडे काळपट पाणी ठिबकते. पाण्याची सलग धार लागताच झडप बंद करावी. यानंतर कॉम्बी बॉयलरचा (हीटिंग आणि नळाचे गरम पाणी दोन्ही देणाऱ्या बॉयलरचा) पाण्याचा दाब उतरतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. यंत्रणा थंड असताना दाबमापकाचा काटा साधारण १ ते १.५ बारदरम्यान (बार हे दाबाचे एकक) असावा. कमी असल्यास भरणनळीची (यंत्रणेत नळाचे पाणी सोडणाऱ्या नळीची) झडप हळूहळू उघडून पाणी भरावे व ती घट्ट बंद करावी. दाब वारंवार उतरत असेल, तर गळती शोधावी.

बॉयलरचे आवरण स्वतः कधीही उघडू नये. वार्षिक तपासणी 'गॅस सेफ' (ब्रिटनमधील गॅस तंत्रज्ञांची अधिकृत नोंदवही) नोंदणीकृत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासावा, कारण या वायूला वास नसतो.