कॅनिस्टर सम्पला जोडताना आधी लाईन घालवून पाहा

माझी माशांची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. एंजल मासे आणि तळाला कोरी, म्हणजे तळाशी फिरणारे छोटे मासे. सहा वर्षं ती एकट्या कॅनिस्टर फिल्टरवर चालली, म्हणजे एका नळीने पाणी ओढून, गाळून दुसरीने सोडणारा मोटरचा बंद डबा. मग खालच्या कपाटात ३० बाय १२ इंचाचा, १५ इंच उंच सम्प बसवला, म्हणजे कप्पे पाडलेली काचेची जोड-टाकी. वरच्या टाकीतलं पाणी तिच्यात उतरतं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर चढवतो. कॅनिस्टर मात्र काढून टाकवेना. आतल्या सिरॅमिकच्या नळ्यांवर सहा वर्षांत जे जिवाणू वाढले, तेच तर माशांची घाण पचवतात. ते फेकून नव्याने सुरुवात कशाला करायची? म्हणून दोन्ही एकत्र जोडायचं ठरवलं, आणि पहिल्या खेपेला जोडणी चुकली.

कॅनिस्टरची ओढणारी नळी मी वरच्या टाकीत ठेवली आणि सोडणारी नळी खाली सम्पमध्ये. वाटलं, पाणी गाळून खाली जाईल, तिथून पंप वर चढवेल. आठ दिवस छान चाललं. मग मे महिन्यात रात्री अडीचला लाईन गेली. कूलर थांबला म्हणून जाग आली, आणि त्या शांततेत पाण्याची बारीक धार ऐकू आली. उठेपर्यंत खालच्या काकू दारात उभ्या होत्या. "अवो बाई, आमच्या देवघरावर पाणी पडून राह्यलं ना!"

झालं असं, की कॅनिस्टरची मोटर बंद पडली तरी नळीतली धार थांबत नाही. वर भरलेली टाकी, खाली रिकामी जागा, मधे पाण्याने भरलेली अखंड नळी. असा सायफन टाकीतली नळी उघडी पडेपर्यंत चालतच राहतो. माझ्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे सुमारे १४ लिटर. ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची जाळी पृष्ठभागाच्या दहा इंच खाली होती, म्हणजे १४० लिटर पाणी खाली यायला मोकळं. सम्प काठोकाठ भरला तरी ८८ लिटरचा, आणि तो आधीच अर्ध्याच्या वर भरलेला.

उलटी जोडणी, म्हणजे सम्पमधून ओढून वरच्या टाकीत सोडणं, तीही करू नका. कॅनिस्टर ज्या पाण्यातून ओढतो त्याच पाण्यात सोडायचं असं गृहीत धरून बनवलेला असतो. दोन्ही टोकं एकाच पातळीवर असली की मोटरला पाणी उचलावं लागत नाही, फक्त नळी आणि मीडियाचा (पाणी गाळायला डब्यात भरलेल्या सिरॅमिक नळ्या वगैरेंचा) अडथळा पार करावा लागतो. चार फूट वर चढवायला लावलं तर धार मरते. शिवाय लाईन गेली की तेच पाणी उलटं खाली येतं.

म्हणून दोन्ही नळ्या सम्पमध्येच घ्या, त्याही एकाच कप्प्यात. लाईन असो-नसो, दोन्ही तोंडांची पातळी एकच, त्यामुळे सायफनला कुठे जायला वाटच उरत नाही.

कप्पा कोणता, हे आपल्या नागपुरात फार महत्त्वाचं. पंपाचा शेवटचा कप्पा सोडून द्या. आधीच्या कप्प्यांची पातळी मधल्या काचेच्या उंचीने बांधलेली असते, त्यामुळे वाफ होऊन उडालेलं सगळं पाणी शेवटच्याच कप्प्यातून कमी होतं. माझा तो कप्पा आठ बाय बारा इंचाचा आहे, तिथे एक इंच म्हणजे जेमतेम दीड लिटर. मे महिन्यात माझ्याकडे रोज चार-पाच लिटर उडतं, म्हणजे एका दिवसात तीन इंच. तिथे नळी ठेवली आणि दोन दिवस लग्नाला गेलात, की कॅनिस्टर हवा ओढायला लागलाच समजा. मी मधल्या कप्प्यात ठेवली, ओढणारी एका कोपऱ्यात आणि सोडणारी समोरच्या कोपऱ्यात, नाहीतर तेच तेच पाणी फिरत राहतं. सोडणारीचं तोंड पाण्याखाली हवं, वरून पडलं तर बुडबुडे पंपात जातात.

ओढणारी जाळी पृष्ठभागापासून फार खोल नको. मी चार इंचांवर ठेवली. उद्या नळी निसटली तर त्या कप्प्यातलं नऊ-दहा लिटर जाईल. पाणी वर चढवणारा पंप चालू असेल तर शेवटच्या कप्प्यातलंही जाईल, पण अख्खी टाकी रिकामी होणार नाही.

आता उंची. कॅनिस्टरचं डोकं सम्पमधल्या पाण्याच्या खाली हवं, म्हणजे पाणी स्वतःहून आत उतरतं. सम्प आणि कॅनिस्टर दोन्ही जमिनीवर ठेवले तर हे जमत नाही. मी सम्पखाली दहा इंचांचा भक्कम लाकडी पाट केला, त्यावर थर्माकोल, मग काचेचा सम्प. कोपऱ्यांत चार विटा ठेवून भागवू नका, काचेला पूर्ण तळ टेकायला हवा.

नळीचं टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवलं की जोडावर सहज चढतं. वर क्लिप आवळा. नळी मधेच वर चढून खाली येईल असा झोल ठेवू नका, तिथे हवा अडकते. झाकणाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, व्हॅसलिन नको, त्याने रबर फुगतं. कॅनिस्टर टाकीच्याच पाण्याने भरून झाकण लावा, ओढणारा कॉक उघडा, मग सोडणारा. बुडबुडे यायचे थांबले की बटण दाबा आणि डबा थोडा तिरपा करून उरलेली हवा काढा. बटणाचा बोर्ड सम्पच्या वर हवा, आणि वायर प्लगच्या खाली लोंबेल एवढी सैल हवी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी खालीच ठिबकेल.

मग मुद्दाम लाईन घालवा. सम्पवर मार्करने चालू पातळीची रेघ मारा, दोन्ही बटणं बंद करा आणि पाणी कुठवर चढतं ते बघत बसा. पाणी वर चढवणाऱ्या पंपाची नळी टाकीत दोन इंच बुडालेली असेल तर २८ लिटर उलटं येतं, आणि माझ्या सम्पमध्ये ते जवळपास पाच इंच चढतं. मी ती नळी अर्ध्या इंचावर आणली. हे पाच वेळा करा, दर वेळी कॅनिस्टर न खोकलता सुरू होतो का ते ऐका.

खरी लाईन काही तास गेली तर एक काळजी आणखी. बंद डब्यातला ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरतात, पाणी सडतं. लाईन आल्या आल्या बटण दाबू नका. आधी डबा उघडा, ते पाणी ओतून द्या आणि मीडिया टाकीच्या पाण्याच्या बादलीत हलकेच खळबळून घ्या. नळाच्या पाण्यात नको, त्यात क्लोरीन असतं.

शेवटी मी डब्याखाली आणि प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्र अंथरलं. हाताला न लागणारा थेंबही कागदावर गोल डाग सोडतो. पहिल्या दिवशी एका कॉकखाली रुपयाएवढा डाग दिसला, क्लिप अर्धा फेरा आवळली. पुढचे तीन दिवस कागद कोरडा होता. चौथ्या दिवशी काकूंना वर बोलावून तो दाखवला आणि मगच कपाटाचं दार लावलं.