लेझरने लिनिअर स्टेज तपासताना

लिनिअर स्टेज म्हणजे सरळ रेषेत सरकणारा मशीनचा टेबल. तो किती अचूक सरकतो ते लेझर इंटरफेरोमीटरने, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या हिशोबात अंतर मोजणाऱ्या यंत्राने, तपासतात. हे यंत्र पुण्यात लावायचं असेल तर सगळ्यात आधी हवेचा दाब बघा, असं मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगते. समुद्रसपाटीला दाब साधारण १०१३ हेक्टोपास्कल असतो. पुणं सुमारे ५६० मीटर उंचावर, म्हणून इथे तो ९५० च्या आसपास. हेलियम-निऑन लेझरची तरंगलांबी साधारण ६३३ नॅनोमीटर, पण हवा विरळ झाली की ती किंचित वाढते. दाब १ हेक्टोपास्कलने चुकला की मीटरमागे पाव मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थोडं जास्त चुकतं. सॉफ्टवेअरमध्ये १०१३ तसाच राहिला, तर रीडिंग मीटरला १६-१७ मायक्रॉन कमी येतं. मोबाइलवरच्या हवामानातला दाबही टाकू नका, तो समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. सेन्सर बीमजवळ ठेवा आणि त्याचंच ऐका.

हवेचं तापमान १ अंशाने चुकलं तर मीटरमागे जवळपास १ मायक्रॉन जातो. पोलाद मात्र तेवढ्याच फरकाने ११-१२ मायक्रॉन वाढतं. त्यामुळे मटेरियल सेन्सर (धातूचं तापमान मोजणारा) स्टेजच्या स्केलला, म्हणजे अंतर मोजणाऱ्या पट्टीला, किंवा टेबलाला चिकटवा, मोटरजवळ नको. ज्यावर तो लावलाय त्याचाच प्रसरणांक (अंशामागे किती वाढतं तो आकडा) भरा, म्हणजे रीडिंग २० अंशांवर नीट आणता येतं.

आता बीम कुठून न्यायचा? जिथे जॉब (ज्यावर काम करायचं ती वस्तू) बसतो त्या रेषेतून. माझा सगळ्यात जास्त आग्रह इथे आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्येच हे मांडलं होतं: मापाची रेषा आणि कामाची रेषा यांत अंतर असेल, तर कॅरेजचा (स्टेजच्या सरकणाऱ्या भागाचा) प्रत्येक झुकाव मापात शिरतो. बीम १०० मिमी वर असला आणि पिच (पुढे-मागे झुकणं) १ आर्कसेकंद, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, असला, तर अर्धा मायक्रॉन गेलाच. बीम त्या रेषेत आणणारं ब्रॅकेट बनवायला तासभर लागला तरी चालेल.

अलाइनमेंटला कॅरेज जवळ असताना बीम सरकवा, लांब गेल्यावर लेझर वळवा, आणि दोन्ही टोकांना डाग जागचा हलेनासा होईपर्यंत हेच करत राहा. मीटरमागे १ मिमी तिरपा राहिला तर अर्धा मायक्रॉन चुकतो, आणि रीडिंग नेहमी कमीच येतं. इंटरफेरोमीटरचा ऑप्टिक (बीम दोन भागांत विभागणारा) आणि रिफ्लेक्टर (बीम परत पाठवणारा) शून्याच्या जागी शक्य तितके जवळ आणून मगच झीरो करा. मधली रिकामी हवासुद्धा चूक घालते.

मग लेझर आणि स्टेज दोन्ही गरम होऊ द्या. मशीनची अचूकता तपासण्याच्या आयएसओ २३०-२ या मानकाप्रमाणे दोन्ही दिशांनी ५-५ फेऱ्या घ्या. टार्गेट (मोजायच्या जागा) अगदी समान अंतरावर ठेवू नका, नाहीतर स्टेज सरकवणाऱ्या स्क्रूची आवर्ती (दर फेऱ्याला येणारी) चूक लपून जाते. टोकाला थोडं पुढे जाऊन परत या, म्हणजे बॅकलॅश (दिशा बदलताना दिसणारी ढिलाई) खरा दिसतो.

ग्राफमध्ये जाणं-येणं दोन समांतर रेषांत आलं तर बॅकलॅश. सरळ तिरपी रेष आली तर स्टेजला हात लावण्याआधी तापमान, दाब आणि अलाइनमेंट पुन्हा तपासा. स्क्रूच्या लीडइतक्या (एका फेऱ्यात सरकतं तेवढ्या) अंतरावर लाटा दिसल्या तर दोष स्क्रूकडे किंवा त्याच्या बसवणुकीत शोधा.

पिच आणि यॉ (डावी-उजवीकडे वळणं) कोन मोजणाऱ्या अँग्युलर ऑप्टिक्सने, सरळपणा वोलास्टन प्रिझमने (बीम दोन दिशांत फोडणारा प्रिझम) मोजा. रोल (बाजूवर कलणं) मात्र या ऑप्टिक्सना दिसत नाही. आडव्या स्टेजवर त्यासाठी कॅरेजवर इलेक्ट्रॉनिक लेव्हल (कल मोजणारं साधन) हालचालीला आडवी ठेवा आणि दुसरी बेडवर, म्हणजे मशीन हलली तर ते वजा करता येतं.