नवीन आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायची मोटर) बसवल्यावर होडी वेगात पाण्यावर उठत नसेल तर

१६ फुटी फायबर होडी, जुन्या टू-स्ट्रोकच्या जागी ४० एचपीचा फोर-स्ट्रोक. नवी मुंबईच्या दिवाळे जेटीवरून निघून थ्रॉटल पूर्ण दिला की नाळ (होडीचं पुढचं टोक) आभाळाकडे, मागची बाजू पाण्यात बसलेली. वेग पकडायला फार वेळ. आरपीएम जेमतेम ४८००. मॅन्युअल सांगतं ५००० ते ६०००.

प्लग बदलले, फिल्टर बदलला, बूड खरवडलं. फरक शून्य. मेकॅनिकचं एकच, ‘नवीन आहे, मोकळा होईल.’ डोकं फिरलं होतं.

शेवटी दोष पंख्यात निघाला. क्रमाने असं केलं:

आधी भरतीचं पाणी थबकल्यावर, नेहमीचं वजन घेऊन पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम लिहून ठेवला. ओहोटीत नको, मोटर थंड ठेवणारा पाण्याचा पंप खाडीचा गाळ ओढतो. मग किल-स्विचची क्लिप (ही काढली की मोटर सुरू होत नाही) काढून, न्यूट्रलमध्ये, १३ पिचचा पंखा उतरवून ११ चा लावला. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे सरकेल ते माप; ती जास्त असली की मोटरवर भार जास्त. वॉशर निघाले त्याच क्रमाने परत, शाफ्टला मरीन ग्रीस, कॉटर पिन नवीन. पिच एक इंच कमी केली की साधारण २०० आरपीएम वाढतात.

नंतर मोटर एक भोक वर घेतली. पंख्याच्या वर मोटरला असलेली आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या रेषेत आली पाहिजे. वळताना पंखा हवा खायला लागला किंवा मोटर थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली तर लगेच खाली घ्या. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढे सरकवली. सुटताना ट्रिम (मोटरचा मागेपुढे कल) पूर्ण आत, होडी उठली की हळूहळू बाहेर.

आता ५४०० मिळतात, दोन माणसं आणि बर्फाच्या पेटीसह. तुमचे ६००० च्या वर गेले तर १२ चा पंखा घ्या.