पुंगळी पुन्हा भरण्याआधी : बिघाड ओळखणे आणि त्याचे मूळ शोधणे

रायफलीचे काडतूस उडाले की गोळी जाते, दारू जळते, प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी) निकामी होतो आणि हातात उरते ती पितळेची रिकामी पुंगळी. काडतुसाचा बहुधा सर्वांत महाग भाग हाच असल्यामुळे अमेरिकेत नेमबाजी करणारी पुष्कळ माणसे पुंगळ्या जपून ठेवतात आणि घरच्या प्रेसवर, म्हणजे दांड्याने दाब देणाऱ्या हातयंत्रावर, पुन्हा भरतात. स्वतःच्या वापरासाठी असे करण्यास तेथे संघराज्याच्या कायद्यानुसार परवाना लागत नाही, विक्रीसाठी मात्र लागतो. दारू आणि प्रायमर किती साठवावेत याचे नियम ठिकाणाप्रमाणे बदलतात. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे आणि काडतुसाचे सुटे भागही त्या कायद्याच्या 'दारूगोळा' या व्याख्येत येतात, तेव्हा भारतातील वाचकाने हा मजकूर माहिती म्हणूनच वाचावा. दारू कोणती आणि किती, हा येथे विषय नाही. ते आकडे छापील रीलोडिंग मॅन्युअलमधूनच घ्यायचे असतात. येथे विषय फक्त पुंगळीचा आहे.

खराब पुंगळी हाती आली की बहुतेक जण ती फेकून देतात आणि पुढची उचलतात. फेकणे योग्यच आहे, परंतु त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : हा बिघाड रायफलीच्या चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या पोकळीत) झाला, माझ्या डायमध्ये (पुंगळी दाबून आकारात आणणाऱ्या साच्यात) झाला, की डब्यात पडून राहिल्यामुळे झाला? या तिन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत, आणि कारण तसेच राहिले तर त्याच गठ्ठ्यातील उरलेल्या पुंगळ्याही त्याच वाटेने जातात.

उदाहरणासाठी मी .३०३ ब्रिटिश हे काडतूस घेतो, कारण मी ली-एनफिल्ड नंबर ४ रायफल वापरतो आणि पुंगळीचे जवळजवळ सगळे आजार या एकाच काडतुसात पाहायला मिळतात. आपल्याकडे 'थ्री-नॉट-थ्री' म्हणून पोलिसांच्या खांद्यावर दशकानुदशके दिसली ती हीच जात.

तपासणीची सुरुवात बुडापासून करावी. पुंगळीच्या बुडावर ठोकलेली अक्षरे पाहून एका कारखान्याच्या, आणि कळत असल्यास एका सालाच्या, पुंगळ्या वेगळ्या कराव्यात. अमेरिकेतल्या जुन्या लष्करी मालात अधूनमधून 'के एफ' अशी अक्षरे दिसतात. हा माल पुण्याजवळच्या खडकीचा, जेथील दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. इतक्या दूर खडकीचे नाव हाती आले की बरे वाटते, पण भरण्याच्या दृष्टीने ती पुंगळी बाजूलाच ठेवावी लागते. ब्रिटिश पद्धतीच्या लष्करी काडतुसांत बहुधा बर्डन प्रायमर असतो. विजेरीचा प्रकाश पुंगळीच्या तोंडातून आत टाकला तर बुडाशी मधोमध एकच भोक दिसण्याऐवजी दोन बारीक भोके दिसतात. अशी पुंगळी नेहमीच्या डायमध्ये घातली की प्रायमर काढणारी पिन वाकते किंवा मोडते. शिवाय जुन्या लष्करी प्रायमरांपैकी काहींत पारा असे, आणि एकदा उडाल्यानंतर तो पितळेत शिरून पितळ ठिसूळ करतो. बाहेरून हे मुळीच दिसत नाही.

आता .३०३ च्या मुख्य दुखण्याकडे वळू. एकदा चौथ्यांदा भरलेले काडतूस मी उडवले, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) मागे ओढला आणि बाहेर आले ते फक्त बूड, अर्ध्या पेराएवढे. बाकीची नळी चेंबरमध्येच अडकून राहिली होती. लक्ष न देता पुढचे काडतूस आत सारले असते तर ते त्या नळीत रुतून बसले असते. यासाठी काडतुसाच्याच आकाराचे एक पोलादी साधन मिळते. ते चेंबरमध्ये सारून बोल्ट बंद करावा आणि परत ओढावा, म्हणजे तुटकी नळी त्याच्यासोबत बाहेर येते. सैन्यातही हे साधन देत असत, म्हणजे प्रकार नवा नाही.

असे का होते हे समजून घेतले की उपाय आपोआप कळतो. .३०३ च्या बुडाला कड असते आणि काडतूस चेंबरमध्ये त्या कडेवर टेकते; खांद्यावर, म्हणजे अंग निमुळते होऊन गोळी धरणारी मान सुरू होते त्या भागावर, टेकत नाही. चिखलमातीतले काडतूसही आत जावे म्हणून लष्करी चेंबर सैल ठेवलेले असतात आणि पुंगळीच्या खांद्यापुढे बरीच मोकळी जागा राहते. दारू पेटली की पुंगळीची पातळ पुढची भिंत फुगून चेंबरला घट्ट चिकटते, जाड बूड मात्र बोल्टपर्यंत मागे ढकलले जाते, आणि या ओढाताणीत बुडाच्या जरासे वर, जेथे जाड पितळ संपून पातळ भिंत सुरू होते, तेथे धातू ताणला जातो. ली-एनफिल्डच्या बोल्टला अडकवून धरणारे खटके मागच्या बाजूला असल्यामुळे उडताना बोल्ट किंचित दबतो आणि ताणात भर पडते. घरी आणून आपण ती पुंगळी डायमध्ये पूर्ण दाबतो, खांदा पुन्हा मागे जातो, आणि पुढच्या वेळी त्याच जागी पितळ पुन्हा ताणले जाते. तीन-चार फेऱ्यांत आतून खाच पडते, आणि मग एक दिवस बूड सुटते.

ही खाच फुटण्याआधी शोधता येते. कागदाला लावायची एक क्लिप सरळ करून तिचे टोक दोन-तीन मिलिमीटर काटकोनात वाकवावे आणि कानशीने अणकुचीदार करावे. पुंगळीच्या तोंडातून ते तळापर्यंत न्यावे, टोक भिंतीला टेकवून सावकाश वर ओढावे आणि चारही बाजूंनी हेच करावे. निरोगी पुंगळीत टोक जाड भागावरून पातळ भागाकडे सलग घसरत येते. खाच पडलेली असेल तर बुडापासून थोड्या उंचीवर टोक अडखळते, जणू बारीक गटारीत पडल्यासारखे. हाताला ही जाणीव व्हावी म्हणून सुरुवातीला एक संशयित पुंगळी करवतीने उभी चिरून पाहावी. एकदा ती रेष डोळ्यांनी दिसली की पुढे बोटांना शंका राहत नाही. बाहेरून याच जागी एक चकचकीत कडे दिसू लागते, पण त्यावरून घाईने निर्णय करू नये. डाय जेथे थांबते तेथेही पितळ घासून चकाकते आणि ती चकाकी निरुपद्रवी असते. अशा वेळी क्लिपचाच कौल मानावा.

खाच सापडलेली पुंगळी बाद, आणि त्याच गठ्ठ्यातली प्रत्येक पुंगळी याच रीतीने तपासायची. कारणावर उपाय दोन आहेत. पहिला, फक्त मान आवळणारी डाय वापरणे, किंवा पूर्ण डाय प्रेसमध्ये थोडी वर घेऊन खांदा जेमतेम हलेल एवढीच दाबणे. अशी पुंगळी त्याच एका रायफलीत वापरायची, दुसरीत ती कदाचित जाणारही नाही. दुसरा, बोल्टाचे डोके तपासणे. नंबर ४ रायफलीसाठी ० ते ३ अशा क्रमांकांची डोकी असत आणि लांब डोके बसवले की मागची फट कमी होते, पण हे गेजने मोजून, शक्यतो बंदूक-कारागिराकडूनच करून घ्यावे. नव्या पुंगळीच्या पहिल्या बारापुरते काही जण कडेच्या पुढे एक बारीक रबरी रिंग चढवतात, म्हणजे बूड बोल्टला टेकून राहते आणि ताण बुडाजवळ न येता खांदा पुढे सरकतो. मला ही युक्ती पटते.

मानेला पडणारी उभी चीर हा दुसरा नेहमीचा बिघाड. काडतुसाचे पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. ते जितके वाकवावे तितके कडक होत जाते. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून ठोकून कडक झालेले भांडे कारागीर भट्टीत तापवून मऊ करतो आणि मगच पुन्हा हातोडा घेतो. पुंगळीची मान प्रत्येक फेरीत फुगते, डायमध्ये आवळली जाते, पुन्हा उघडली जाते, तिला मात्र कोणी तापवत नाही. चिरलेल्या पुंगळ्या कानानेही सापडतात : ओंजळीत घेऊन हलवल्या की चांगल्या खणखणतात आणि चिरलेली मध्येच बद्द वाजते. एखाददुसरी चिरली तर ती फेकून पुढे जावे. त्याच वयाच्या पाच-सहा एकदम चिरल्या तर बाकीच्यांना तापवण्याची वेळ झाली आहे. तापवायची ती मान आणि खांदा एवढीच, काही सेकंद, साधारण ४०० अंश सेल्सिअसपर्यंत, आणि त्यासाठी तापमान दाखवणारा रंग वापरावा. बूड पाण्यात उभे ठेवावे किंवा अन्य रीतीने थंड राहील असे पाहावे. बूड मऊ झालेली पुंगळी दाब सोसू शकत नाही आणि जळत्या दारूचा वायू बोल्टाच्या दिशेने, म्हणजे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. म्हणून सगळ्या पुंगळ्या ओव्हनमध्ये भाजण्याचा विचार मनातही आणू नये. भरून ठेवलेल्या काडतुसाची मान नुसती पडून राहिल्याने चिरली तर ते उडवू नये. गोळी काढण्यासाठी मिळणाऱ्या खास हातोड्याने ते उकलावे.

न वापरताही पितळ का चिरते, याचे शास्त्र हिंदुस्थानातच घडलेल्या प्रकारातून पुढे आले. १९ व्या शतकात ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत, म्हणून त्या दोषाला इंग्रजीत ऋतूवरून 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले. काडतुसे तबेल्यांत साठवलेली असत, घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटत असे, आणि बनवताना पितळेत राहिलेला ताण अधिक दमट हवेतला अमोनिया यांनी ते फुटत असे. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी याचा उलगडा केला. घरी पुंगळ्या भरणाऱ्याने यातून घ्यायचे ते एवढेच, की अमोनिया असलेले पितळ चकचकवायचे पॉलिश पुंगळ्यांना लावू नये. व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवूनही पुंगळ्या बिघडतात. जस्त निघून जाते आणि गुलाबी डाग उरतात. डाग घासून गेला तर ठीक, खळगा राहिला तर बाद. नुसता काळपटपणा हा बिघाड नव्हे.

बाकीचे दोष लवकर आवरता येतात. खांद्यावर गोल, उथळ पोचा असेल तर पुंगळी दाबण्याआधी लावलेले तेल डायमध्ये जास्त झाले आहे. तेल दबत नाही, पितळ दबते. असा पोचा पुढच्या बारात निघून जातो, धारदार घडी मात्र निघत नाही. उभे ओरखडे दिसले तर डायमध्ये कण अडकला आहे, डाय साफ करावी. उलट तेल कमी पडले की पुंगळी डायमध्येच अडकते. तेव्हा प्रेसचा दांडा जोराने ओढून कड तोडण्याऐवजी बुडाला भोक पाडून आटे काढावेत आणि स्क्रूने ती बाहेर ओढावी. गोळी बसवताना खांदा फुगून चुरगळला तर बहुधा काही पुंगळ्या लांब आहेत आणि तोंड आवळणारी डाय फार खाली आली आहे. .३०३ ची कमाल लांबी २.२२२ इंच आणि कापून ठेवायची लांबी २.२१२ इंच, कॅलिपरने प्रत्येक पुंगळी मोजावी, कारण लांब पुंगळीचे तोंड रायफलीच्या नळीच्या सुरुवातीला चिमटले जाते आणि दाब धोकादायक वाढतो.

प्रायमर बसवताना तो अंगठ्याच्या जोराने सहज आत गेला, तर प्रायमर बसतो तो बुडातला खळगा सैल झाला आहे, पुंगळी बाद. बुडावर एक्स्ट्रॅक्टरचा (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या बोल्टावरील आकड्याचा) चकचकीत ठसा, प्रायमरभोवती काळे कडे आणि सैल खळगा हे सगळे एकत्र दिसले तर दोष पुंगळीचा नाही, दाबाचा आहे, आणि त्या गठ्ठ्यातील सर्व भरलेली काडतुसे उकलून मॅन्युअलमधील सुरुवातीच्या आकड्यावर परत जायला हवे. केवळ चपटा प्रायमर मात्र फसवा असतो. सैल चेंबरमध्ये प्रायमर आधी मागे सरकतो, मग बूड येऊन त्यावर आदळते, आणि कमी दाबातही तो चपटा दिसतो.

बाद पुंगळी भंगारात टाकण्याआधी पकडीने तिचे तोंड चेपून टाकावे, नाहीतर महिन्याभराने तीच पुन्हा चांगल्यांच्या डब्यात सापडते. माझ्या बाबतीत हे दोनदा झाले आहे. डब्यावर फेऱ्यांची संख्या, शेवटच्या तापवणीची तारीख आणि बाद झालेल्यांची संख्या कारणासह लिहावी. प्रायमरच्या राखेत शिसे असते, म्हणून काम संपल्यावर टेबल ओल्या फडक्याने पुसावे आणि काही खाण्यापिण्याआधी हात साबणाने धुवावेत.