मणक्यातली गादी सरकल्यावर: घरची काळजी आणि चिनी उपाय

आमच्या धंद्यात कंबर कधी ना कधी बोलतेच. पाठ नसलेल्या स्टुलावर दिवसभर वाकून बसायचं, वर जमिनीवर कापड पसरून कटिंग. पंचवटीत माझं ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. माझी एल-फाइव्ह एस-वनची, म्हणजे कंबरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी सरकून डाव्या पायाची नस दबल्याचं सगळ्यांना कळलं, तेव्हापासून निम्म्या बायका मापं द्यायच्या आधी कंबरेचंच विचारतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आधी हे बघा. लघवी तुंबली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतून किंवा शौचाच्या जागेभोवती बधिर वाटायला लागलं, दोन्ही पायांतली ताकद जायला लागली, तर शेक नाही, सुया नाहीत. रात्र असली तरी सरळ हॉस्पिटल. चवडा उचलला जात नसेल, चालताना पायातली चप्पल निसटत असेल, तरीही डॉक्टरांना लगेच दाखवायचं.

यातलं काही नसेल तर धीर धरा. गादीचा बाहेर आलेला भाग बऱ्याच जणांच्या बाबतीत शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, आणि बहुतेकांची पायातली कळ ६ ते १२ आठवड्यांत बरीच उतरते. तोवर दुखणं सोसवेल इतपत ठेवायचं आणि हिंडतं-फिरतं राहायचं. चिनी उपायही मी एवढ्याचसाठी करते. सुईने किंवा मालिशने गादी आत जात नाही. ‘एका झटक्यात बसवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती तर कंबर देऊच नका.

अंथरुणात पडून राहणं एक-दोन दिवस, त्याहून जास्त नको. उताणं झोपाल तर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर झोपाल तर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. उठताना आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताने रेटा देऊन उठा. बसणं सगळ्यात वाईट. मी मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावते. वाजला की अर्धी बाही मशीनवर तशीच सोडून उभी राहते. कटिंगला आता कंबरेच्या उंचीचं टेबल आहे. रविवारी मिसळ खायला गेलो की मांडी घालायच्या बैठकीवर नाही, खुर्चीवरच बसते. घरच्यांनी हसायचं तेवढं हसून घ्यावं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथलं की कळ थेट पायात जाते. पाणी भरपूर, लागलं तर रात्री इसबगोल. चालणं थोडं-थोडं पण दिवसातून बऱ्याचदा, सपाट जागेवर. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी बरं पडतं. खड्ड्यांतून स्कूटरवर मागे बसून जाणं मात्र टाळाच.

फिजिओ एक मॅकेन्झीचा व्यायाम देतात. पालथं पडा, दोन-तीन मिनिटं शांत श्वास घ्या, जमलं तर कोपरांवर या. पायातली कळ वर सरकून कंबरेत गोळा झाली तर चांगलं लक्षण. उलट पोटरीकडे, पावलाकडे उतरायला लागली तर तिथेच थांबा.

आता चिनी उपाय. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली ज्या पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बसू पुढे तिथून ॲक्युपंक्चर, म्हणजे बारीक सुया टोचून करायचा उपचार शिकून आले. त्यामुळे ही विद्या आपल्याकडे काही कालची नाही. चिनी वैद्य अशा दुखण्याचं खापर थंडी आणि ओलीवर फोडतात, म्हणून त्यांचा भर उबेवर. नाशिकच्या डिसेंबरात पहाटे ज्याची कंबर धरते त्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

घरी दाबता येण्यासारखे बिंदू मोजकेच. दोन्ही हात कंबरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर ठेवा. मागे अंगठे साधारण जिथे मणक्याला भेटतात तो कंबरेचा चौथा मणका. तिथून दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं सोडून जो जाड स्नायू लागतो तो ‘दाचांगशू’. दुसरा ‘वेइचोंग’, गुडघ्यामागच्या घडीच्या बरोबर मध्ये. चिनी वैद्यांमध्ये म्हणच आहे की कंबर-पाठ दुखली की वेइचोंग गाठावा. गुडघा थोडा वाकवून अंगठ्याने हलकेच दाबा, मिनिटभर पुरे. खाली मोठी रक्तवाहिनी आहे, जोर लावू नका. शिरा फुगलेल्या असतील किंवा पोटरी सुजून गरम लागत असेल तर हात लावूच नका. मणक्याच्या हाडावर तर कधीच दाबायचं नाही.

मॉक्सा म्हणजे नागदवण्याच्या जातीच्या वाळक्या पाल्याची कांडी. ती पेटवून कंबरेच्या बिंदूपासून दोन-तीन सेंटिमीटर लांब धरतात, कातडी गुलाबी होईपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं. आपल्या पाठीवर आपण धरायची नाही, घरातल्या कुणाला तरी बसवा, आणि खिडकी उघडी ठेवा, धूर फार होतो. पाय बधिर असेल किंवा मधुमेह असेल तर कांडी नको, भाजल्याचं कळतच नाही. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून घेतली तरी ऊब तीच, आणि खरं सांगायचं तर मी बहुतेकदा तेच करते.

सुया स्वतः टोचायच्या नाहीत. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे, तेव्हा ॲक्युपंक्चर कौन्सिलची नोंदणी विचारा आणि सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा. काही खेपांनंतरही फरक नसेल तर पुढचे पैसे वाचवा. कपिंगचे, म्हणजे पाठीवर पेले चिकटवून कातडी ओढून धरतात त्याचे काळे-निळे डाग आठवडाभर राहू शकतात. लग्नाच्या हंगामात पाठीच्या गळ्याचं ब्लाऊज घालणार असाल तर आधीच विचार करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कपिंग नकोच, आणि सुया टोचायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

पोटात घ्यायचे काढे ऑनलाइन मागवू नका. कंबरेसाठी प्रसिद्ध असलेला ‘दूहुओ जीशेंग’ काढा सातव्या शतकापासून चालत आलाय, पण त्यातल्या शीशिन या मुळीत मूत्रपिंडाला घातक द्रव्य असू शकतं. गरोदर बाईने, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने किंवा रोजच्या गोळ्या चालू असलेल्याने तर आपल्या डॉक्टरांना न विचारता तो तोंडाला लावू नये.